वर्क परमिटवर 'सी०८' तर नाही ना?

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालंय, दोघंही अमेरिकेतच आहेत, आता ग्रीन कार्डाची फाईल टाकायची. नेमका तेव्हाच "वर्क परमिट हमखास मिळवून देतो" म्हणणारा कन्सल्टंट कुणाच्या तरी ओळखीने पुढे येतो. पैसे घेतो, आणि वर्क परमिटचं कार्ड खरंच येतं. म्हणून तर फसवणूक वर्षानुवर्षं कळत नाही.

कार्डाच्या दर्शनी बाजूवर कॅटेगरी छापलेली असते. आय-४८५च्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या अर्जावर मिळालेल्या कार्डावर तिथे सी०९ असतं. सी०८ दिसलं, तर तुमच्या नावाने असायलमचा, म्हणजे आश्रय मागण्याचा, अर्ज गेलेला आहे. मायदेशी छळ होत असल्याची कहाणी कुणीतरी रचली, आणि सही मात्र तुमची. "बाकीचं मी भरतो" म्हणत कोऱ्या फॉर्मवर घेतलेली. हा अर्ज नामंजूर झाला आणि तेव्हा अमेरिकेत राहण्याची वैध परवानगी नसली, तर प्रकरण इमिग्रेशन कोर्टात जातं. अर्ज जाणूनबुजून खोटा केला असं तिथे ठरलं, तर लग्न कितीही खरं असलं तरी ग्रीन कार्डाची वाट कायमची बंद होऊ शकते.

दुसरा प्रकार साधा, पैसे खाण्याचा. लग्नाच्या फाईलमध्ये नागरिक जोडीदाराचा आय-१३०, म्हणजे नातं सिद्ध करणारा अर्ज, आणि तुमचा आय-४८५ सहसा एकत्र जातात. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे कागदी आय-१३०ला ६७५ डॉलर आणि आय-४८५ला १,४४० डॉलर फी आहे. कन्सल्टंट दोन्हींचे पैसे घेतो आणि आय-१३० तेवढा पाठवतो. पावती येते, जोडपं निर्धास्त होतं. पण नुसत्या आय-१३०ने ना राहण्याचा हक्क मिळतो, ना कामाचा. प्रत्येक फॉर्मची पावती वेगळी येते, तिच्यावर फॉर्मचा क्रमांक असतो आणि तीन अक्षरं, दहा आकडे असा केस नंबर असतो. व्हॉट्सॅपवर आलेल्या फोटोवर भागवू नका. तो नंबर यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर स्वतः टाकून बघा. साइटचा पत्ता 'डॉट गव्ह'ने संपतोय ना, हेही बघा. फॉर्म तिथे फुकट मिळतात, 'फॉर्मचे पैसे' ही भानगडच नाही. फी रोख देऊ नका. जी-१४५० हा कार्डाने फी भरायचा फॉर्म भरून स्वतःच्या कार्डाने द्या, म्हणजे किती पैसे गेले ते स्टेटमेंटवर दिसतं.

फॉर्मवर टपालाचा पत्ता कुणाचा टाकलाय? कन्सल्टंटचा असेल तर बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो देण्याची) नोटीस त्याच्या टेबलावर पडून राहते, तारीख चुकते आणि अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं.

आपले लोक 'नोटरी' या शब्दाला हमखास फसतात. भारतात नोटरी बहुधा वकीलच असतो. अमेरिकेतला नोटरी फक्त सहीचा साक्षीदार. त्याला इमिग्रेशनचा सल्ला देता येत नाही. तो हक्क वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीला. वकिलाचं लायसन्स राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, साइटवर मिनिटभरात तपासता येतं, आणि खरा वकील जी-२८ भरून फाईलवर स्वतःचं नाव लावतो. "माझं नाव कुठे येऊ देऊ नका" म्हणणाऱ्याकडून लगेच उठावं.

मराठी जन्मदाखल्याच्या भाषांतराचेही भरमसाट पैसे उकळतात. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही पूर्ण भाषांतर करून, ते अचूक असल्याचं आणि आपल्याला भाषा येत असल्याचं लिहून सही केली की पुरतं. नोटरीचा शिक्का लागत नाही. मेडिकलचं, म्हणजे आय-६९३चं पाकीट मात्र डॉक्टरने सील केलेलंच जायला हवं. 'स्कॅन करायला' कुणी फोडलं तर ते बाद. २ डिसेंबर २०२४ पासून ते आय-४८५सोबतच जोडावं लागतं, "नंतर देऊ" चालत नाही.

सी०८ आधीच निघालं असेल तर घाबरून देश सोडू नका. राहण्याची परवानगी संपून १८० दिवसांहून जास्त झाले असतील तर बाहेर पडताच तीन वर्षांची बंदी लागू शकते, वर्ष उलटलं असेल तर दहा वर्षांची. असायलमचा अर्ज परस्पर मागेही घेऊ नका. माहिती अधिकाराखाली, म्हणजे एफओआयएने, आपल्या फाईलची प्रत ऑनलाइन मागवा, आणि ती घेऊनच खऱ्या वकिलाकडे जा. कन्सल्टंटशी झालेले मेसेज, पैसे दिल्याच्या नोंदी, त्याचं कार्ड, काहीच पुसू नका. फेडरल ट्रेड कमिशनकडे किंवा राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार करताना तेच कामी येतं.