विधानसभा-लोकसभा वेगळ्या की एकत्र? खर्चाच्या बाजूने बघू

आमच्या इंदूरला १७ नोव्हेंबर २०२३ ला विधानसभेचं मतदान झालं आणि १३ मे २०२४ ला लोकसभेचं, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा तेच बूथ, तोच बंदोबस्त, त्याच बसेस. पहिल्याचा खर्च राज्याच्या बजेटमधून, दुसऱ्याचा केंद्राचा. दोन्ही एकत्र घेतल्या तर निम्मा-निम्मा वाटला जातो, राज्याच्या तिजोरीला सरळ फायदा.

पण मशीनचं काय? एकत्र म्हटलं की प्रत्येक बूथवर दोन सेट, त्यात ईव्हीएमचं आयुष्य १५ वर्षं, आणि निवडणूक आयोगाचाच अंदाज आहे की दर १५ वर्षांनी नव्या मशीनना सुमारे १०,००० कोटी लागतील, म्हणजे बचत वाटते तेवढी नाही.

तरी मला एकत्रच बरं वाटतं. माझी वहिनी सरकारी शाळेत शिकवते, दोन्ही वेळा आदल्या दिवशी नेहरू स्टेडियमवर रांगेत उभं राहून मशीन, शाई, याद्या एकेक मोजून घेतल्या तिने. नोव्हेंबरात पोरांचा वर्ग बुडाला, मेमध्ये सुट्टीतून ड्युटीवर. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही ना! शिवाय आचारसंहिता लागली की नवीन कामं अडकतात, तीही दोनदा.