‘सरखेल’ शोधताना: मोल्सवर्थचा कोश

मुंबईत 1857 साली दुसऱ्या आवृत्तीत आलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो. शब्दाशेजारचं इंग्रजी अक्षर सोडू नका: ‘पी’ म्हणजे फारसी, ‘ए’ म्हणजे अरबी. शब्द सापडला नाही तर आधी जुनं लेखन घालून पाहा. ‘नाव’ नव्हे, ‘नांव’. शोध बहुतेकदा अनुस्वारावरच अडतो. मग शब्द तोडा. ‘सरखेल’मधलं ‘सर’ म्हणजे फारसीत डोकं, प्रमुख. ‘खैल’ म्हणजे अरबीत घोडे, घोडदळ. घोडदळाच्या म्होरक्याचा हा शब्द दर्यावर्दी कान्होजी आंग्र्यांचा किताब झाला, हे किती विलक्षण! अर्थ मात्र इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या. तरी व्युत्पत्तीसाठी पहिला हात इथेच घालावा.