पाईपमधलं सुपरक्रिटिकल पाणी बघायचंय: न्यूट्रॉन, एक्स-रे की सफायरची खिडकी?

टी-जॉइंटमध्ये एकीकडून 400 डिग्रीचं सुपरक्रिटिकल पाणी येतंय (इतक्या तापमानाला आणि प्रेशरला पाणी धड द्रव नसतं, धड वाफ नसते), दुसरीकडून साधं थंड, प्रेशर 25 मेगापास्कल म्हणजे जवळपास 250 बार, आणि दोन्ही नेमकी कुठे मिसळतात ते बघायचंय, तर पर्याय तीन.

सफायर म्हणजे पारदर्शक, कडक स्फटिक; त्याच्या खिडकीचा फायदा म्हणजे सगळं आपल्याच लॅबमध्ये होतं आणि फास्ट कॅमेरा लावता येतो. पण खिडकी सपाट आणि पाईप गोल, मग दिसतो तो फ्लो खऱ्या पाईपमधला नसतोच. शिवाय गरम-थंड पाणी भेटतं तिथे प्रकाश वाकतो, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते ना, तसं चित्र होतं.

एक्स-रे मिळायला सोपे, पण इथे आकडेच बघा. 2 मिमी पाणी आणि दोन्ही भिंती मिळून 2 मिमी स्टील धरलं तर 100 केईव्ही (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या एक्स-रेपैकी जवळजवळ निम्मे स्टीलच खातं आणि पाणी फक्त 3 टक्के, म्हणजे जे बघायचंय तेच दिसत नाही.

थर्मल न्यूट्रॉनचं, म्हणजे रिअॅक्टरमधून मिळणाऱ्या मंद न्यूट्रॉनचं, बरोबर उलटं. स्टीलमधून 80 टक्क्यांच्या आसपास पार होतात, पण पाण्यातला हायड्रोजन त्यांना जोरात विखुरतो, म्हणून थंड पाण्यातून निम्मेच जातात आणि 400 डिग्रीच्या पाण्यातून 90 टक्के, कारण त्याची घनता थंडच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढीच असते. पाईप न बदलता थेट घनतेचा नकाशा मिळतो, हे मला फार मोलाचं वाटतं. जपानमध्ये क्योटो विद्यापीठाच्या रिअॅक्टरवर अगदी हेच केलंय, कारण अशा पाण्यात नॅनोपार्टिकल (अतिसूक्ष्म कण) बनवताना ते कसे होतात ते या मिसळण्यावर ठरतं.

पण एक्सपोजर सेकंदांत जातं, म्हणून झटपट बदलणारा फ्लो सरासरीत पुसला जातो, आणि स्टीलमधलं मँगनीज न्यूट्रॉनमुळे रेडिओअ‍ॅक्टिव्ह होतं, हाफ-लाइफ अडीच तासांचं, त्यामुळे बीम बंद झाला की लगेच पाईपला हात लावायचा नाही.

माझं मत विचाराल तर फ्लो स्थिर असेल आणि खऱ्या फिटिंगमधलंच बघायचं असेल तर न्यूट्रॉनच घ्या, वेगाने बदलणारं काही पकडायचं असेल तर खिडकी. आपल्याकडे मुंबईत बीएआरसीच्या ध्रुव रिअॅक्टरवर न्यूट्रॉन इमेजिंग होतं, मात्र 250 बारचं रिग तिथे न्यायचं म्हणजे सेफ्टीची तयारी आधीपासूनच लागणार. आणि बीमटाइम (बीम वापरायला मिळालेला वेळ) सुरू झाला की पहिल्यांदा रिकाम्या पाईपचा एक फोटो आणि थंड पाण्याने भरलेल्याचा एक काढून ठेवा, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय घनतेचा आकडा निघत नाही.