सुताराकडून फडताळ करून घेतलं, सहा महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू (कोथरूड)

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. दीड मार्क कुठे गेला ते खाली येईलच. आणि जरा लांबलचक लिहितेय, कारण हे काम काढायच्या आधी मी स्वतः असं कोणी नीट लिहिलंय का ते शोधत होते आणि मिळाले ते नुसते चकाचक फोटो, पांढरं कपाट, आत काचेच्या सहा बरण्या आणि एक कुंडी. आमच्याकडे तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो, गव्हाची कोठी, ज्वारीची कोठी, पुरणयंत्र, सोऱ्या, दोन कुकर जे कोणी वापरत नाही पण टाकूही देत नाही. असल्या घराचं पॅन्ट्री कपाट कसं करायचं ते कोणी सांगत नाही.

तर बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी, तिसरा मजला. किचन आणि ड्राय बाल्कनीच्या मधे भिंतीत एक खाच आहे, चार फूट रुंद, साडेसात फूट उंच आणि खोल फक्त सव्वा फूट. बिल्डरने त्यात कडाप्प्याचे चार खण टाकून दिले होते आणि आम्ही पुढे पडदा लावून एवढी वर्षं काढली. पडद्यामागे काय चालायचं ते झुरळांना माहीत. सासूबाई नारायण पेठेतल्या वाड्यात वाढल्या, त्या पहिल्या दिवसापासून ह्याला फडताळ म्हणतात, लेक पॅन्ट्री म्हणते, मी दोन्ही म्हणते.

आधी आम्ही एका मॉड्युलर किचनच्या शोरूममधे गेलो, नाव लिहीत नाही. तिथल्या मुलाने टॅबवर थ्रीडी फिरवून दाखवलं, छान होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं उभं युनिट येतं ५६० मिलिमीटर खोलीचं आणि आमची खाच ३८० ची, म्हणजे कपाट सात इंच पुढे येणार आणि ड्राय बाल्कनीचं दार अर्धंच उघडणार. त्यावर तो म्हणाला दार स्लायडिंग करून घ्या. म्हणजे कपाटासाठी दार बदला! कोटेशन एक लाख अडतीस हजार. सासूबाईंनी एकच विचारलं, "कोठी मावेल का ह्यात?" तो म्हणाला, "मॅम, कोठी म्हणजे?" आम्ही चहा संपवला आणि उठलो.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा मिस्त्री पाठवला. मूळचा राजस्थानचा, वीस वर्षं पुण्यात, मराठी आमच्या लेकीपेक्षा बरं. मला वाटलं आता टेप काढून खाच मोजणार. तर म्हणाला, "भाभी, सगळं सामान खाली काढा." सगळं? "सगळं. सोऱ्यासुद्धा." किचनमधे पाय ठेवायला जागा उरली नाही. मग हा माणूस जमिनीवर उकिडवा बसला आणि एकेक डबा मोजून पेन्सिलीने भिंतीवर लिहीत गेला. तेलाचा डबा नऊ-सव्वानऊ इंच चौरस, उंची चौदाच्या आसपास, म्हणजे खण सोळाचा, कारण हात आत जायला दोन इंच पाहिजेत. पाच किलोचे स्टीलचे डबे, त्यांना बारा. डाळींच्या डब्यांना नऊ. मसाल्याच्या बरण्यांना साडेसहा. आणि प्रत्येकाला विचारायचा की हे रोज लागतं, आठवड्याला लागतं का दिवाळीला? मग सासूबाईंना उभं करून त्यांचा हात सरळ पुढे धरायला लावला, तिथे भिंतीवर रेघ मारली. रोजचं सगळं त्या रेघेच्या खाली. त्या चार फूट दहा इंच आहेत, आजपर्यंत कुठल्याही कपाटाने त्यांना विचारलं नव्हतं.

साडेतीनातले तीन मार्क ह्या एका दुपारचे आहेत. तुम्हीही कोणाकडून करून घेणार असाल तर आधी डबे मोजा, मग भिंत. डबे मोजले की कळतं की आपल्याला खोल कपाट नकोच आहे. दोन फूट खोल खणात मागच्या रांगेत गेलेला साबुदाणा सरळ पुढच्या आषाढीलाच सापडतो, तोवर त्यात पोरकिडे झालेले असतात. आमचे खालचे खण पूर्ण खोलीचे केले, कोठ्या आणि तेलासाठी, आणि रेघेच्या आसपासचे मुद्दाम दहाच इंच खोल, एका खणात एकच रांग, आणि उरलेल्या जागेत दाराच्या आतल्या बाजूला तीन इंचाच्या फळ्या, त्यात मसाल्याची पाकिटं, पापड, हळदकुंकू सगळं उभं राहतं. दार उघडलं की समोर सगळं दिसतं, शोधाशोध शून्य.

कडाप्प्यावरून मात्र चांगलंच वाजलं. मिस्त्रीला चारही कडाप्पे फोडून तळापासून प्लाय घालायचा होता. सासूबाई म्हणाल्या वरचे काढ, खालचा राहू दे. तो म्हणाला, "आजी, ते ठेवलं तर फिनिशिंग नाय येणार." "फिनिशिंग काय चाटायचंय? फरशी पुसताना रोज पाणी जातं खाली, त्यात तुझं लाकूड ठेवू का?" तळाचा कडाप्पा राहिला. फरशीपासून चार इंचावर दगड, दगडावर कोठ्या, आणि प्लाय तिथून वर सुरू. आता ह्या पावसाळ्यानंतर मी कबूल करते की त्यांचं बरोबर होतं, तेव्हा मी मिस्त्रीच्या बाजूने होते.

प्लाय आम्ही स्वतः आणला, टिंबर मार्केटमधून. तिथे प्रत्येक दुकानात "सेवन टेन आहे मॅडम, एकदम वॉटरप्रूफ" हे ऐकायची तयारी ठेवा. आयएस (भारतीय मानक) ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याची टेस्ट ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून करतात. आयएस ३०३ मधे दोन प्रकार येतात, एक एमआर म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा आणि दुसरा बीडब्ल्यूआर म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, तो किचनसाठी चालतो. पण शीटवर नुसतं ७१० छापलेलं असून काही अर्थ नाही, आयएसआयचा शिक्का आणि त्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर बघा, तो नंबर मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमधे टाकला की कंपनीचं नाव येतं. पहिल्या दुकानात शीटवर ७१० होतं पण नंबरच नव्हता, विचारल्यावर म्हणाले पुसला गेला असेल. सगळ्या शीटवरचा पुसला गेला होता म्हणे. दुसरीकडे घेतला, १८ एमएमच्या चार शीट, चौरस फुटाला १३० रुपयांनी. आठ बाय चारची शीट आमच्या लिफ्टमधे मावत नाही, त्यामुळे तीन मजल्यांची हमाली वेगळी, हे हिशेबात धराच. बिजागऱ्या, चॅनेल आणि बाकीचं किरकोळ बोहरी आळीतून आणलं, पार्किंगचं नाव काढू नका, रिक्षाने जा.

मिस्त्रीचं म्हणणं होतं की ३०३ बीडब्ल्यूआर पुरेल, उगाच पैसे घालू नका. मी हट्टाने ७१० घेतला कारण मागची भिंत बाथरूमची आहे. ही भिंत पुढे परत येणार आहे.

कामाला हात चांगला होता त्याचा. ओळंबा सोडून बघितलं तर डावी भिंत वरपासून खालपर्यंत पाच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर. मला वाटलं आता फट दिसणार आणि हा त्यात पांढरं काहीतरी भरणार, तर त्याने एक पट्टी घेऊन ती भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे रंध्याने तासत तासत बसवली, पोस्टकार्ड सरकणार नाही अशी. दारं साडेसात फुटाची एकसंध करायची नाहीत हेही त्यानेच सांगितलं, एवढं लांब दार पुढेमागे वाकतंच. म्हणून खाली पाच फुटाची दोन, वर माळ्यासारखी छोटी दोन. सनमायका दोन्ही बाजूंनी लावायचा, आतून पैसे वाचवायला नुसता रंग मारला तर फळी एका बाजूला ओढली जाते. पाच फुटाच्या दाराला चार चार बिजागऱ्या. आणि खण दोन फुटापेक्षा लांब नाही, मधे उभी फळी आहेच, कारण धान्याच्या वजनाने लांब फळी मधे झुकते, आमच्या जुन्या पुस्तकांच्या कपाटाचं पोट आलंय तसं.

आता दीड मार्क.

अर्धा मार्क वेळेचा. "आठ दिवसात हातात देतो" चे झाले एकोणीस दिवस. मधे पाच दिवस तो गायबच, बावधनला दुसरी साइट घेतली होती हे नंतर काकूंकडून कळलं, फोन केला की "रस्त्यातच आहे भाभी." कुठला रस्ता एवढा लांब आहे कोण जाणे. तोवर सगळे डबे हॉलमधे, सोफ्यावर रवा, टीव्हीखाली गूळ. सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन बंद, हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तरी दोनदा चेअरमन वर आले.

एक मार्क भिंतीचा. त्याने पाठीची ६ एमएमची फळी सरळ भिंतीला टेकवून ठोकली. मी विचारलं होतं की ओल आली तर? "सेवन टेन आहे ना भाभी, काय नाय होत." मीही गप्प बसले, एवढे पैसे घातले होते तर मनात तेच होतं. जुलैत एक दिवस पोह्यांचा डबा काढला तर मागे राखाडी ठिपके. बोट फिरवलं तर बुरशी, आणि वास तो जुन्या सतरंजीचा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ७१० म्हणजे मुख्यतः पाण्याने प्लायचा डिंक सुटत नाही, भिंत कोरडी राहील असं नाही. भिंत आणि फळीमधे ओल कोंडली तर बुरशी कुठल्याही ग्रेडच्या प्लायवर धरू शकते, तिला शिक्का वाचता येत नाही.

अकरा फोन झाले (मोजलेत, लॉग आहे). बाराव्याला आला. मात्र आल्यावर वाद घातला नाही, "माझी चूक हाय" म्हणाला, हे मी त्याच्या खात्यात मांडते. आधी प्लंबरकडून बाथरूमच्या टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी भरून घेतलं, तीन आठवडे भिंत सुकू दिली, मग ह्याने स्क्रू काढून अख्खा सांगाडा एक इंच पुढे ओढला, पाठीची फळी नवी घातली, मागे पोकळी ठेवली आणि वर-खाली हवेसाठी जाळीची गोल भोकं पाडली. मजुरी घेतली नाही, फळीचे आणि जाळीचे पैसे आम्ही दिले. सप्टेंबर कोरडा गेला, आत्तापर्यंत ठिपका नाही. फडताळ आता भिंतीच्या रेषेपेक्षा इंचभर पुढे आहे, ते मला दिसतं, पाहुण्यांना दाखवल्याशिवाय दिसत नाही. सासूबाईंनी दाखवलं नाही असा पाहुणा अजून झालेला नाही.

अजून एक, ही चूक त्याची नाही, आमची. काम संपल्याच्या तिसऱ्याच दिवशी आम्ही सामान भरलं. नव्या प्लायला आणि चिकटवलेल्या सनमायकाला वास असतो, तो बंद कपाटात कोंडतो. माझ्या भावाकडून आलेले शंकरपाळे प्लॅस्टिकच्या डब्यात होते, आठवड्याने खाल्ले तर चक्क फर्निचरच्या दुकानात बसून खाल्ल्यासारखे लागले. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांना काही झालं नाही. तर किमान दोन-तीन आठवडे दारं सताड उघडी ठेवा, आणि वर्षाचं धान्य भरायच्या ऐन दिवसात हे काम काढूच नका, आम्ही एप्रिलमधे काढलं आणि गहू एरंडेल लावून बेडरूममधे महिनाभर झोपले होते.

एकूण खर्च अठ्ठावन्न हजार, त्यात मजुरी एकवीस, बाकी प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, टेंपो, हमाली. प्लंबरचे वेगळे, पण ते बाथरूमच्या नावावर टाकलेत.

मिस्त्रीचा नंबर त्याला न विचारता इथे टाकत नाही, कोथरूड-कर्वेनगरकडे कोणाला हवा असेल तर मेसेज करा, त्याला विचारून देते. वरचं डावं छोटं दार बंद होताना अजून टक् करतं, बाकी तिन्ही मऊ बंद होतात. बिजागरी बदलायला रविवारी येतो म्हणालाय. कुठल्या रविवारी ते मी विचारलं नाही.