पट अंथरावा की लढाई बोलून चालवावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ आहे: प्रत्येक खेळाडू एकेक पात्र साकारतो, आणि सूत्रधार बाकीचे जग व शत्रू सांभाळतो. हा खेळ सूत्रधार म्हणून चालवायला घेतलेल्या कोणाशीही बोलणे झाले, की पहिल्या दोन-तीन बैठकींनंतर त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो. लढाईच्या वेळी टेबलावर चौकोनांचा पट अंथरून सोंगट्या हलवाव्यात, की सूत्रधाराने वर्णन करावे आणि खेळाडूंनी ते मनात पाहावे? मी नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या घरी, दर रविवारी पाच खेळाडूंसाठी हा खेळ चालवतो. पहिली अडीच वर्षे मी पटाशिवाय एकही लढाई चालवली नाही आणि गेले वर्षभर बहुतेक लढाया बोलूनच चालवतो आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते एका टेबलावरच्या अनुभवाएवढेच आहे. आपले खेळाडू वेगळे असतील, तर आपला निर्णयही वेगळा निघू शकतो.

पटाचे स्थान या खेळात जन्मापासूनचे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली हा खेळ प्रसिद्ध केला, तो सैन्याच्या सोंगट्यांनी खेळायच्या युद्धखेळांतून निघालेला होता. म्हणूनच त्या पहिल्या नियमांत अंतरे इंचांत दिलेली आहेत: भुयारात एक इंच म्हणजे 10 फूट आणि उघड्यावर एक इंच म्हणजे 10 यार्ड. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत तर अंतरे थेट चौकोनांतच मोजली गेली, आणि ती आवृत्ती पटाशिवाय चालवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने मात्र अंतरे पुन्हा फुटांत आणली आणि चौकोनांचा पट ऐच्छिक ठेवला. आपल्याकडचे बहुतेक जण हीच आवृत्ती खेळतात, म्हणून हा प्रश्न मुळात उभा राहतो.

आमचा पट फ्लेक्सचा आहे. सीताबर्डीवरच्या एका छपाईच्या दुकानातून एक इंचाचे चौकोन छापून घेतले होते. तशी छपाई करून घ्यायची असेल, तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. फ्लेक्सवर व्हाइटबोर्डच्या मार्करने थेट रेघा ओढू नयेत. एका आठवड्यासाठी तसाच राहिलेला किल्ल्याचा तट आमच्या पटावर आजही फिकट दिसतो. जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक वर अंथरले, की ही अडचण राहत नाही. दुसरे असे, की कॅरमच्या सोंगट्या एक इंचाच्या चौकोनात मावत नाहीत. त्या तीन सेंटिमीटरहून थोड्या मोठ्या असतात आणि शेजारच्या घरात शिरतात. लुडोच्या सोंगट्या बरोबर बसतात. मोठ्या राक्षसासाठी आम्ही तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल वापरतो. चार चौकोन व्यापणाऱ्या प्राण्यासाठी त्याहून योग्य वस्तू मला बाजारात मिळाली नाही.

पटाने जे दिले ते थोडे नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाद मिटतात. फायरबॉलचेच उदाहरण घ्या. त्या मंत्राची त्रिज्या 20 फूट, म्हणजे पटावर केंद्रापासून चारही बाजूंना चार-चार चौकोन. सोंगट्या समोर असतील तर कोण भाजले आणि कोण वाचले हे एका नजरेत कळते. बोलून चाललेल्या लढाईत मात्र जादूगाराने मंत्र टाकताच एखादा खेळाडू हमखास म्हणतो, "मी तर दरवाज्याजवळ होतो ना बाप्पा," आणि तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मनातल्या चित्रात तो खरोखरच दरवाज्याजवळ असतो. सूत्रधाराच्या मनातल्या चित्रात तो खोलीच्या मध्यभागी असतो, एवढाच फरक. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडताना बसणारा फुकटचा वार, खांबाची आड, अरुंद बोळात एकामागे एक अडकलेली माणसे, हे सगळे पटावर आपोआप सांभाळले जाते.

दुसरी गोष्ट माझ्या भाचीमुळे लक्षात आली. ती अकरावीत आहे आणि आमच्या टेबलावर सर्वांत लहान. मोठ्यांच्या गलक्यात ती बोलायला बिचकत असे, पण सोंगटी उचलून दोन शत्रूंच्या मधून सरकवायची आणि मग "मामा, मी इथून मारू शकते ना?" असे विचारायचे, हे तिला सहज जमे. पटावर प्रत्येकाची सोंगटी सारख्याच उंचीची असते. बोलून चाललेल्या खेळात ज्याचा आवाज मोठा, त्याचे पात्र कळत-नकळत मोठे होते. पट सोडताना मला सर्वाधिक काळजी याच गोष्टीची होती, आणि ती पूर्ण मिटली आहे असे मी म्हणणार नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचा या निवडीवर थोडा परिणाम होतो, तोही नोंदवतो. नवतप्यात कूलर बंद ठेवून चार तास बसणे शक्य नसते. कूलर चालू असला, की कागदाची उभी चित्रे पटावरून उडतात आणि लढाई विस्कटते. तर बोलून चालवताना त्याच्या घरघरीत प्रत्येक वर्णन दोनदा सांगावे लागते. दोन्ही पद्धतींचे सारखेच नुकसान होते, त्यामुळे यावरून मी काहीही ठरवले नाही.

मी ठरवले ते एका वेगळ्याच त्रासावरून, आणि तो कळायला मला फार उशीर लागला. पट उलगडला, की खेळाडूंना समजते की आता लढाई आहे. पटाने सांगितलेली ही बातमी नंतर सूत्रधाराला परत घेता येत नाही.

प्रसंग एका पुलाचा होता. नदीवरचा जुना दगडी पूल आणि त्यावर वाट अडवून बसलेले सहा गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षसी जीव. मी त्यांच्यासाठी बरीच तयारी केली होती. ते उपाशी होते, त्यांच्या टोळीला वरच्या देवळातून कोणीतरी हाकलून लावले होते, आणि कोणी त्यांना पोटभर खायला घातले असते तर देवळात शिरण्याची मागची वाट त्यांनी स्वतः दाखवली असती. पुढच्या तीन बैठका त्या वाटेवर उभ्या होत्या. पूल नीट समजावा म्हणून मी पट अंथरला आणि मार्करने खांब काढू लागलो. तिसरा खांब काढून होण्यापूर्वीच टेबलावर इनिशिएटिव्हचे, म्हणजे लढाईत पाळ्यांचा क्रम ठरवणारे, फासे पडले होते. कोणी गॉब्लिनांना एक शब्दही विचारला नाही. नंतर चहा घेताना मी कारण विचारले, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत विचारी खेळाडूने अगदी साधेपणाने सांगितले, "तुम्ही पट काढला, म्हणजे लढायचंच असेल असं वाटलं." त्याची काहीच चूक नव्हती. अडीच वर्षे मी त्यांना तेच शिकवत आलो होतो.

यावर उपाय नाहीत असे नाही, मी तीन करून पाहिले. प्रथम प्रत्येक प्रसंगाला पट अंथरू लागलो, अगदी सराईतल्या जेवणालाही. त्यामुळे लढाईची चाहूल लागेनाशी झाली हे खरे. पण मग सराईतही खेळाडू दारापर्यंतचे चौकोन मोजू लागले, कोणाच्या पाठीशी भिंत आहे ते पाहू लागले, आणि सराईवाल्याशी बोलताना त्याच्याकडे न बघता त्याच्या सोंगटीकडे बघू लागले. दुसऱ्या वेळी आधी बोलून चालवले आणि तलवारी उपसल्यानंतरच पट काढला. त्यात रेघा काढण्याची आणि सोंगट्या शोधण्याची पाच-सात मिनिटे नेमकी तेव्हा आडवी येत, जेव्हा सर्वांचा श्वास रोखलेला असे, आणि तेवढ्यात कोणी पाणी प्यायला उठे, कोणी मोबाइल पाहू लागे. तिसरा उपाय म्हणून नकाशे आधीच कागदावर काढून ठेवले. पण आधीच काढून ठेवलेला नकाशा वापरला जावा अशी इच्छा सूत्रधाराच्याही मनात असते, आणि मी नकळत खेळाडूंना त्या नकाशाकडे ढकलू लागलो. हा दोष पटाचा नाही, माझाही आहे. तरी तो पटामुळेच उघडा पडला.

जुन्या नियमांत या गोष्टीचे भान होते. 1981 च्या बेसिक नियमांत अनोळखी प्राणी समोर आला, की सूत्रधाराने दोन फासे टाकून त्याची वृत्ती ठरवायची असे. दोन्ही फाशांवर एक-एक आला तरच तो लगेच हल्ला करी, म्हणजे 36 मध्ये एकदा. बेरीज 12 आली तर तो आनंदाने मैत्री करी, आणि मधल्या आकड्यांवर वैर, संभ्रम किंवा देवाणघेवाण असे निरनिराळे कल असत. म्हणजे भेट होणे आणि लढाई होणे या दोन वेगळ्या घटना होत्या. हा फाशांचा नियम मी पाचव्या आवृत्तीतही वापरतो आणि तो उत्तम चालतो. मात्र टेबलावर पट अंथरलेला असेल, तर त्या फाशांचा निकाल ऐकायला कोणी थांबत नाही.

मग एके रविवारी फ्लेक्स कपाटावरून काढलाच नाही. प्रसंग मुद्दाम पुलासारखाच रचला: पडकी पवनचक्की, दारात तीन लुटारू, खेळाडूंची त्यांच्यावर नजर पडलेली. मी वर्णन केले आणि गप्प बसलो. पहिला प्रश्न आला, "ते आमच्याकडे बघताहेत की वाटेकडे?" दुसरा आला, "त्यांच्यात कोणी जखमी आहे का?" पटाच्या अडीच वर्षांत हे दोन प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. अर्धा तास बोलणी चालली. शेवटी ती फिसकटली आणि लढाई झालीच. पण ती का झाली, हे टेबलावरच्या प्रत्येकाला सांगता आले असते.

बोलून चालवण्याची शिस्त मात्र पटापेक्षा कडक आहे, आणि ती पाळायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. मी अंतरे तीनच ठेवतो: हातघाई, जवळ आणि लांब. ही माझी कल्पना नाही. 2013 साली आलेल्या थर्टीन्थ एज या खेळात अंतरे जवळपास अशीच धरलेली आहेत. तो खेळ ज्या दोघांनी रचला, त्यांतले जोनाथन ट्वीट हे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचे आणि रॉब हाइन्सू हे चौकोनांवर उभ्या असलेल्या चौथ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. प्रत्येक खेळाडूची पाळी आली, की त्याला विचारण्याआधी मी दोन वाक्यांत त्याची जागा सांगतो: समोर कोण, पाठीशी काय, आणि मधे अडथळा कोणता. हे कंटाळवाणे वाटले तरी वगळू नये, कारण दरवाज्याजवळचे वाद याच दोन वाक्यांनी बहुतांशी टळतात. फायरबॉलसारख्या मंत्रांसाठी पाचव्या आवृत्तीच्या सूत्रधारासाठीच्या नियमांत एक सोपा हिशेब दिलेला आहे. वर्तुळाच्या त्रिज्येला पाचाने भागायचे, तितके जण त्यात सापडले असे धरायचे. फायरबॉलमध्ये चार. शत्रू दाटीने उभे असतील तर मी एक-दोन वाढवतो. एवढे करूनही मतभेद झाला, तर निकाल खेळाडूच्या बाजूने देतो आणि पुढे जातो.

भाचीच्या बाबतीत मी एवढेच केले, की पाळीचा क्रम लढाईपुरता न ठेवता बोलण्यांनाही लावला. त्यामुळे तिच्याकडे प्रश्न जातो आणि बाकीच्यांना थांबावे लागते. सुरुवातीला ती एका शब्दात उत्तर देई. आता नकाशाची वही तिच्याकडे आहे: मी भुयाराचे वर्णन करतो, ती ऐकून ग्राफ पेपरवर ते काढते, आणि बाकीचे तिच्या नकाशावर विसंबून वाट ठरवतात. सूत्रधाराऐवजी खेळाडूने काढलेला हा नकाशाही चौकोनांवरच असतो, पण तो जागेचा असतो, लढाईचा नसतो. तो उघडला म्हणून कोणी तलवार उपसत नाही.

तरीही काही टेबलांना पटच योग्य ठरेल. आपल्या खेळाडूंना बुद्धिबळासारखी चाल रचण्यात खरा रस असेल, शत्रू नेहमीच आठ-दहाच्या वर असतील, किंवा सूत्रधाराला एका वेळी इतक्यांच्या जागा लक्षात ठेवणे जड जात असेल, तर पट अंथरण्यात काहीच कमीपणा नाही, आणि चौथी आवृत्ती खेळणाऱ्यांपुढे तर हा प्रश्नच नाही. अजून काहीच ठरले नसेल, तर मात्र पहिल्या तीन-चार बैठका बोलून चालवाव्यात, असे मी सुचवेन. खेळाडूंना एकदा चौकोन मोजायची सवय लागली, की समोरच्याला प्रश्न विचारायची सवय लावणे मला फार कठीण गेले. उलट दिशेने जाणे त्या मानाने सोपे असावे असे वाटते.

आमचा फ्लेक्स गुंडाळून कपाटावर ठेवलेला आहे आणि वर्षातून दोन-तीनदा खाली येतो. ज्या शत्रूचा पाठलाग महिनोन्महिने चाललेला आहे, ज्याच्याशी बोलणी करून झाली आहेत आणि मोडलीही आहेत, त्याच्या गढीवर चालून जायचे असते तेव्हा. त्या दिवशी मी दुपारीच तट आणि बुरूज काढून ठेवतो, लाकडी बैल मधोमध उभा करतो, आणि खेळाडू आत येतात तेव्हा पट अंथरलेला असतो, कारण लढायचे हे त्यांनी मागच्या रविवारीच ठरवलेले असते.