आठ लिटरांची शांतता : १९७० ची कॅडिलॅक एल्डोराडो

अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीच्या कॅडिलॅक एल्डोराडो या आलिशान मोटारीच्या १९७० च्या आवृत्तीत पुढच्या जाळीवर, डाव्या बाजूला, '८.२ लिटर' अशी छोटी धातूची अक्षरे बसवलेली आहेत. इंजिनाचे माप घनइंचात सांगण्याची सवय असलेल्या देशात, आणि तेही डेट्रॉइट या खास मोटारींच्या शहरात बनलेल्या गाडीवर, लिटरचा आकडा मिरवावा यात युरोपच्या महागड्या गाड्यांशी बरोबरी सांगण्याची हौस उघड दिसते. घनइंचात हा आकडा ५०० भरतो. आठ सिलिंडरांपैकी एकेकाचे आकारमान सुमारे १,०२४ सीसी आहे. आपल्या मारुती ८०० चे तिन्ही सिलिंडर एकत्र केले तरी ७९६ सीसीच होतात. त्या वर्षी जगभरात उत्पादनात असलेल्या कोणत्याही प्रवासी मोटारीत याहून मोठे इंजिन नव्हते.

मिशिगनमध्ये एका परिचितांनी ही गाडी सांभाळली आहे आणि त्यांच्या सौजन्याने ती शहरात आणि महामार्गावर, दोन्हीकडे चालवता आली. एवढ्या मोठ्या इंजिनाची गाडी म्हणजे गर्जना, धूर आणि जळालेल्या टायरांचा वास, अशी जी समजूत असते ती एल्डोराडोच्या बाबतीत पूर्णपणे चुकीची ठरते. किल्ली फिरवल्यावर क्षणभर स्टार्टरचा आवाज येतो आणि मग बॉनेटचे लांबलचक पठार किंचित थरथरते, एवढीच काय ती इंजिन सुरू झाल्याची खूण. कंपनीने जाहीर केलेली ४०० अश्वशक्ती मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवर मिळते, पण तिथपर्यंत जाण्याची वेळ सहसा येतच नाही, कारण ५५० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे ७४५ न्यूटन-मीटर इतका टॉर्क (चाके फिरवणारा जोर) ३,००० फेऱ्यांवरच हजर असतो आणि त्याचा मोठा भाग त्याच्याही बराच खाली हाताशी येतो. ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला की दोन टनांहून जड असलेली ही गाडी विनातक्रार पुढे सरकते. गिअर कधी बदलला हे कळतही नाही. माझ्या मते या गाडीच्या आकर्षणाचे मर्म इथेच आहे. हे इंजिन वेगासाठी मोठे केलेले नाही, इंजिनाला कधीही कष्ट पडू नयेत आणि त्या कष्टांचा आवाज आत बसलेल्यांच्या कानी येऊ नये म्हणून ते मोठे केलेले आहे. निव्वळ वेगाचाच हिशोब करायचा तर आजची साधी इलेक्ट्रिक गाडीही सिग्नलवर तिला मागे टाकेल.

यंत्ररचनेचा खरा नवलाचा भाग मात्र इंजिनात नाही, तर ते चाकांना कसे जोडले आहे यात आहे. १९६७ पासूनची एल्डोराडो पुढच्या चाकांवर चालते आणि ही मांडणी तिने जनरल मोटर्सच्याच १९६६ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोकडून घेतली. इंजिन नेहमीसारखे लांबीच्या दिशेने बसवलेले आहे. त्याच्या मागच्या टोकाला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचचे काम तेलाच्या साहाय्याने करणारा भाग, आहे आणि तिथून एक रुंद, अनेक पदरी साखळी शक्तीची दिशा उलटी वळवून इंजिनाच्या शेजारी बसवलेल्या तीन गिअरांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सकडे नेते. साखळी म्हटल्यावर सायकलची खडखड आठवत असेल, तर ती शंका सोडून द्यावी, कारण ही साखळी जवळजवळ निःशब्द चालते. तिच्या टिकाऊपणाचा पुरावाही भक्कम आहे : हीच मांडणी पुढे १९७३ पासून जनरल मोटर्सच्याच जीएमसी या शाखेच्या अवजड मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, वापरली गेली. या रचनेमुळे मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा नाही, म्हणून केबिनच्या मधोमध उंचवटा नाही, आणि सपाट जमिनीमुळे आत बसल्यावर बैठकीच्या खोलीत पाय पसरून बसल्यासारखे वाटते.

याची किंमत वळणावर मोजावी लागते. बहुतेक वजन पुढच्या चाकांवर असल्याने वेगात घेतलेल्या वळणात गाडीचे नाक बाहेरच्या बाजूला ओढले जाते आणि टायर नाराजीने किंचाळू लागतात. पॉवर स्टिअरिंग एका बोटाने फिरावे इतके हलके आहे, पण खालच्या रस्त्याची काहीच खबर ते हाताला पोहोचू देत नाही. मागच्या बाजूला स्प्रिंग म्हणून साधे पोलादी पाटे आहेत. तरीही भार वाढला की मागची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा त्यांच्या जोडीला दिलेली असल्याने गाडी बसकी होत नाही. खराब रस्त्यावरचे हिंदकळे मऊ लाटांसारखे येतात आणि विरतात. पुढच्या डिस्क ब्रेकना एकदा जोरात थांबवायला सांगितले तर ते काम चोख करतात, परंतु लागोपाठ तसे करण्याचा मोह टाळलेला बरा.

बाह्यरूपाचे श्रेय जनरल मोटर्सचे तेव्हाचे रचनाप्रमुख बिल मिचेल यांच्या विभागाला जाते. १९५० च्या दशकातल्या कॅडिलॅकचे उंच पंख आणि क्रोमचे ढिगारे इथे दिसत नाहीत. त्यांच्या जागी सुरीने कापल्यासारख्या धारदार कडा, लांब बॉनेट आणि त्या मानाने आखूड डिकी आहे. साडेपाच मीटरहून अधिक लांबीच्या या गाडीला दारे मात्र दोनच आहेत आणि ती इतकी लांब व जड आहेत की चढावर उभ्या असलेल्या गाडीचे दार आतून उघडताना खांदाही लावावा लागतो. अरुंद पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असली तर उतरणे ही एक कसरतच होऊन बसते. मागच्या आसनावर दोघे प्रौढ आरामात बसतात, मात्र तिथवर पोहोचताना कुणाचीही ऐट शिल्लक राहत नाही.

पेट्रोलच्या खर्चाविषयी आडपडदा न ठेवता लिहिले पाहिजे. लिटरला चार किलोमीटरच्या आसपास ॲव्हरेज मिळाले तर समाधान मानावे. शिवाय १० : १ इतके कॉम्प्रेशन असलेले, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण दहापट दाबणारे हे इंजिन शिसेयुक्त, उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेले असल्यामुळे आज त्याला सर्वांत महाग पेट्रोलच पाजावे लागते.

पुढची कहाणी उताराची आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे आणि कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ मध्ये कॉम्प्रेशन उतरवले गेले आणि अश्वशक्ती ३६५ वर आली. १९७२ मध्ये आकडा २३५ दिसतो, पण त्यातली बरीचशी घट कागदावरची आहे, कारण त्या वर्षापासून सायलेन्सर, पंखा वगैरे सर्व जोडलेल्या अवस्थेत मोजलेली निव्वळ अश्वशक्ती जाहीर होऊ लागली. खरी घसरण त्यानंतरची : १९७६ मध्ये त्याच ८.२ लिटरांमधून कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या यंत्रणेवर) अवघी १९० अश्वशक्ती निघत होती, आणि पुढच्याच वर्षी हे इंजिन बंद होऊन त्याची जागा ७ लिटरच्या इंजिनाने घेतली. म्हणून विकत घेण्याचा विचार करणाऱ्याने नुसत्या '८.२ लिटर' या अक्षरांवर भाळू नये आणि वर्ष आधी विचारावे. फोर्डकडची समकालीन लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री ही ७.५ लिटरची, ३६५ अश्वशक्तीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी हा एक चांगला पर्याय आहे. तिची चौकट फोर्डच्याच थंडरबर्ड या गाडीची असल्याने तिची दुरुस्ती साध्या गॅरेजलाही जमते. मात्र तिची रोल्स-रॉइससारखी जाळी आणि डिकीवरचा स्टेपनीचा उठाव मला थोडा नाटकी वाटतो.

एल्डोराडो घेताना इंजिनापेक्षा पत्रा अधिक बारकाईने पाहावा. छताला व्हायनिलचे (प्लास्टिकच्या कापडाचे) आच्छादन असेल तर त्याच्याखाली, विशेषतः मागच्या काचेच्या कडेला, ओलावा साठून गंज धरतो आणि बाहेरून फक्त एखादा फुगवटा दिसतो. तिथे बोटाने दाबून पाहावे. मिशिगनसारख्या प्रांतात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालची चौकटही विजेरी घेऊन तपासावी. इंजिनाचे सुटे भाग मिळतात. क्रोमच्या पट्ट्या, आतली सजावट आणि दिव्यांच्या काचा शोधताना मात्र दमछाक होते.

उरतो तो प्रश्न १९६७ की १९७० एवढाच. झाकले जाणारे हेडलाइट आणि निर्मळ पुढचा चेहरा यांमुळे १९६७ ची गाडी रूपाने निःसंशय सरस आहे, आणि तिचे ७ लिटरचे, ३४० अश्वशक्तीचे इंजिनही कुठे कमी पडत नाही. तरीही ही गाडी भिंतीपाशी उभी करून पाहण्यासाठी नव्हे, तर रविवारी सकाळी मोकळ्या महामार्गावर दोन-तीन तास चालवण्यासाठी घ्यायची असेल, तर १९७० चीच घ्यावी.