स्वतःचं आर पॅकेज बनवून आठ महिने वापरलं, त्याचा अनुभव

आठ महिने झाले, डेस्कटॉपवर मी स्वतः लिहिलेलं एक छोटं आर पॅकेज जवळपास रोज वापरतेय. आर म्हणजे आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा, आणि पॅकेज म्हणजे एकदा इन्स्टॉल करून कुठल्याही स्क्रिप्टमधून वापरता येणारा फंक्शन्सचा संच. पहिलं पॅकेज कसं बनवायचं यावर वाचायला भरपूर मिळतं, पण बनवून झाल्यावर पुढे काय काय होतं ते फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे सविस्तर.

माझं काम सर्व्हेच्या डेटाचं, म्हणजे वेटेड सरासरी (प्रत्येक उत्तराला त्याचं वजन, म्हणजे वेट, देऊन काढलेली), मीडियन, क्वार्टाइल (डेटाचे चार समान भाग करणारे आकडे), टेबलं. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये फंक्शन्सची एक फाइल, ती आधीच्या प्रोजेक्टमधून कॉपी केलेली आणि तिथे थोडीफार बदललेली. एकदा एकच डेटा दोन फोल्डरमधल्या फाइलींनी चालवला तर पहिला क्वार्टाइल वेगवेगळा आला. शोधलं तर एका फाइलीत क्वार्टाइल काढायची टाइप ७ ही पद्धत होती, जी आरची डिफॉल्ट आहे, आणि दुसरीत टाइप ६, कारण कधीतरी एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आउटपुटशी जुळवायचं होतं. १ ते १० हे साधे आकडे घेतले तरी टाइप ७ ने ३.२५ येतो आणि टाइप ६ ने २.७५. आरमध्ये अशा नऊ पद्धती आहेत आणि आपापल्या व्याख्येने सगळ्या बरोबर, पण एकाच माणसाच्या दोन रिपोर्टमध्ये दोन वेगळे आकडे जाणं बरोबर नाही. त्याच दिवशी ठरवलं की फंक्शन एकाच जागी, म्हणजे स्वतःच्या पॅकेजमध्ये राहणार.

इन्स्टॉलेशनबद्दल थोडक्यात. तुमचा कोड नुसता आरमधला असेल तर विंडोजवर वेगळं काही लागत नाही, पण माझं बूटस्ट्रॅपचं (डेटातून पुन्हापुन्हा नमुने घेऊन अंदाज काढायचं) एक फंक्शन आरसीपीपी हे जोडणारं पॅकेज वापरून सी प्लस प्लस भाषेत आहे त्यामुळे तो कोड कंपाइल करणारा आरटूल्स हा टूल्सचा संच लागला, आणि तो तुमच्या आरच्या व्हर्जनशी जुळणाराच हवा. आर ४.४ ला आरटूल्स ४४, ४.५ ला ४५. जुन्या गाइड वाचून मी पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम कुठे शोधतं त्या यादीत) बदल करत बसले आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली, खरं तर आरटूल्स ४२ पासून नेहमीच्या इन्स्टॉलरने टाकलं तर पाथला हात लावावाच लागत नाही. डेव्हटूल्स आणि यूजदिस ही पॅकेज बनवायला मदत करणारी पॅकेजं घेतलीत तर फोल्डरचा सांगाडा मिनिटभरात तयार होतो.

आता ज्यासाठी हे सगळं करावं असं मला मनापासून वाटतं ती गोष्ट म्हणजे चेक, पॅकेजमधल्या चुका शोधणारी आरची तपासणी. पहिल्यांदा चेक चालवला तेव्हा नोट्सची, म्हणजे त्याने दिलेल्या सूचनांची, रांगच लागली. मीडियन सापडत नाही वगैरे, ते सोपं होतं, आरच्याच स्टॅट्स पॅकेजमधून इम्पोर्ट केलं की गेलं. पण एक नोट होती की एका फंक्शनमधलं वेट नावाचं व्हेरिएबल कुठेच डिफाइन केलेलं नाही. नीट वाचलं तर ते फंक्शन स्वतःचं आर्ग्युमेंट न वापरता बाहेर वर्कस्पेसमध्ये पडलेलं वेट उचलत होतं, आर्ग्युमेंटचं नाव वेगळं आणि आत लिहिलेलं नाव वेगळं. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये त्या नावाचं व्हेक्टर असायचंच त्यामुळे कधी एरर आला नाही, दोन वर्षं तसंच चाललं. गटवार हिशेब करताना चुकीची वेट्स लागली असती तरी कळलं नसतं. मी बसून जुने सगळे रिपोर्ट परत तपासले, सुदैवाने आकडे बरोबर निघाले, पण ते दोन दिवस फार वाईट गेले.

त्यानंतर टेस्टदॅट या पॅकेजने टेस्ट, म्हणजे फंक्शन बरोबर उत्तर देतं का हे आपोआप तपासणारा कोड, लिहायला लागले. १ ते १० चा पहिला क्वार्टाइल ३.२५ आलाच पाहिजे, सगळी वेट्स सारखी असतील तर साध्या सरासरीइतकंच उत्तर आलं पाहिजे, एनए (रिकामी राहिलेली किंमत) असेल तर काय व्हायला हवं, एवढंच. छोट्या टेस्ट आहेत पण कोड बदलताना हात थरथरत नाही.

त्रासही आहे. पॅकेज एखाद्या सेशनमध्ये लोड असताना परत इन्स्टॉल करायला गेलं तर विंडोज त्यातली वापरात असलेली डीएलएल (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) बदलू देत नाही, इन्स्टॉल अर्धवट राहतं आणि लायब्ररीत शून्य शून्य लॉक नावाने सुरू होणारा फोल्डर उरतो, मग पुढचं इन्स्टॉलही अडतं. सगळी सेशन्स बंद करायची, तो फोल्डर डिलीट करायचा आणि परत टाकायचं. दुसरं म्हणजे नवीन फंक्शन लिहून डेव्हटूल्सची डॉक्युमेंट ही कमांड चालवायला विसरलं की नेमस्पेसमध्ये, म्हणजे बाहेर वापरता येणाऱ्या फंक्शन्सच्या यादीत, नाव जात नाही आणि इन्स्टॉल झाल्यावर फंक्शनच सापडत नाही, हे माझं अजूनही होतं. आर ४.४ वरून ४.५ वर गेले तेव्हा लायब्ररीचा फोल्डरच नवा, त्यामुळे पॅकेज परत बिल्ड करावं लागलं. सहकाऱ्याकडे आरटूल्स नव्हतं, त्याला बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, झिप करून दिली, पण तीसुद्धा त्याच्या आरच्या व्हर्जनवर बनवलेली हवी.

मराठी लेबलांचं विचाराल तर आर ४.२ पासून विंडोजवर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवता येणारी अक्षरपद्धत) आल्यामुळे देवनागरी कॉलम नीट दिसतात, आधी नुसते कोड दिसायचे. फक्त कोडच्या फाइलीत देवनागरी लिहिलं की चेक वॉर्निंग देतो, म्हणून मी लेबलं डेटा फाइलीत ठेवली. त्यावर एक नोट येते, ती येऊ देते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, प्रत्येक बदलानंतर पॅकेजच्या डिस्क्रिप्शन नावाच्या माहितीच्या फाइलीतला व्हर्जन नंबर वाढवायचा, त्या व्हर्जनच्या पॅकेजची सोर्स फाइल जपून ठेवायची आणि रिपोर्टच्या शेवटी व्हर्जन छापायचा. मागच्या आठवड्यात सहा महिन्यांपूर्वीच्या एका टेबलबद्दल विचारणा आली. रिपोर्टवर ०.२.१ होतं, पॅकेजचं तेवढं व्हर्जन वेगळ्या लायब्ररी फोल्डरमध्ये टाकलं, स्क्रिप्ट चालवली आणि टेबल दशांशापर्यंत तंतोतंत तेच आलं.